मोठ्या कुत्र्याचा चामडी पट्टा सारखा बक्कलपाशीच तुटतोय? मग आधी हे बघा

मागच्या आठवड्यात परत एक आला. जर्मन शेफर्डचा पट्टा, दीड इंच रुंद, दिसायला एकदम झकास, घेऊन आठ महिने पण झाले नव्हते आणि बक्कल पार उपटून हातात आलेली. मालक वैतागलेले, "चामडंच हलकं दिलं हो त्यानं, एवढे पैसे घेऊन." मी पट्टा मधोमध वाकवला, पिळला, पायाखाली धरून ओढला, त्याला कुठं काही झालं नव्हतं. तुटला होता तो फक्त घडीवर, म्हणजे चामडं बक्कलच्या दांडीभोवती फिरवून मागे शिवतात ना, तिथं.

गेली दहा-बारा वर्षं मी आमच्या वस्तीवरच्या आणि आजूबाजूच्या मळ्यातल्या कुत्र्यांचे पट्टे दुरुस्त करतोय, नवीनपण करून देतो, आणि पट्टा मधेच तुटलाय असं मला क्वचितच बघायला मिळालंय. तुटतो तो बक्कलपासून तीन इंचाच्या आत. बक्कलच्या काट्याची चीर तिथंच, घडी तिथंच, साखळी अडकवायची डी-रिंग तिथंच, सगळे टाके पण तिथंच. चाळीस किलोचं जनावर मांजर दिसलं म्हणून झेपावतं तेव्हा तो सगळा हिसका या तीन इंचावर येतो, आणि नेमकी हीच जागा करणारा घाईघाईत उरकतो कारण ती वरून दिसत नाही. म्हणून चामडं बदलायच्या आधी, नवीन पट्टा घ्यायच्या आधी खालचं क्रमाने तपासा. फुकटातलं आधी, खर्चाचं आणि मेहनतीचं नंतर.

लक्षणं काय दिसतात

पट्टा एका दिवसात तुटत नाही, आठवडाभर आधीपासून सांगत असतो. काट्याचं भोक गोल होतं ते लांबट व्हायला लागतं, पेरूच्या बीसारखं. घडीच्या बाहेरच्या बाजूला बारीक आडव्या भेगा दिसतात, नखाने दाबलं की उघडतात. डी-रिंगपाशी एखादा टाका सुटून दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं असतं. डी-रिंगचा जोड किंचित उघडलेला असतो, कागद जाईल एवढा. रिवेट बोटाने फिरवला तर गरगर फिरतो. कधी पितळेच्या रिंगभोवती हिरवा मेणासारखा थर जमतो, कधी चामड्यावर पांढरे ठिपके येतात. आणि एक लक्षण पट्ट्यावर नाही, कुत्र्यावर दिसतं, मानेभोवती केस गळून कातडी काळपट किंवा लाल झालेली. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी फिरायला त्या पट्ट्यावर नेऊ नका, दुसरा काहीतरी घाला आणि मग निवांत तपासा.

पहिलं, पट्टा कसा घातलाय ते

याला एक रुपया लागत नाही. पट्टा आणि मान यांच्यामधे दोन बोटं सपाट जायला पाहिजेत, मोठ्या केसाळ कुत्र्याला केस बाजूला करून बघायचं. जास्त ढिला असला की कुत्रं झेपावल्यावर पट्टा आधी तीन-चार इंच रिकामा सरकतो आणि मग खाडकन अडतो, तो हिसका नुसत्या ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. टाके ओढण्याने कमी तुटतात, हिसक्याने तुटतात. पाच भोकं असली तर काटा मधल्या भोकात बसायला हवा. शेवटच्या भोकात बसत असेल तर टोकाला चामडं कमी उरतं आणि भोक फाटून टोकापर्यंत जायची भीती.

कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांनी इथं थांबून बघा, कारण या कुत्र्यांचं डोकं मानेएवढंच निमुळतं असतं, त्यामुळे साधा पट्टा दोन बोटं ढिला ठेवला तरी कान मागे करून सहज काढतात. मग मालक आवळून घालतो, आणि मान सोलवटते. त्यांना दोन इंच रुंदीचा पट्टा आणि मागे ओढल्यावर थोडाच आवळणारा जोड लागतो. ते वेगळं काम आहे, साध्या पट्ट्यात ते बसवायचा हट्ट करू नका.

साखळी कुठं अडकवलीय

हे बघून मला खरंच वाईट वाटतं, अर्ध्या लोकांनी साखळीचा हूक डी-रिंगमधे न अडकवता बक्कलच्या चौकटीतच अडकवलेला असतो. बक्कलची चौकट पट्टा बंद ठेवायला असते, बाजूने ओढायला नाही. तिथं ओढलं की काटा भोकात तिरका होतो आणि भोक एका बाजूने कापत जातो, ते पेरूच्या बीसारखं लांबट झालेलं भोक बहुतेक वेळा यामुळेच.

दुसरं, साखळीला भोवरकडी आहे का बघा. दिवसभर बांधलेलं कुत्रं खुंट्याभोवती गोल फिरतं, भोवरकडी गंजून अडकली असेल तर साखळीला पीळ बसत जातो आणि शेवटी तो पीळ डी-रिंगच्या टाक्यांवर उतरतो. दोन थेंब तेल सोडा, फिरत नसेल तर बदला. आणि कुत्रं दिवसभर साखळीलाच असेल तर कितीही मजबूत पट्टा केला तरी तो झिजणारच, दिवसातून दोनदा तरी मोकळं सोडा, पट्ट्यासाठी नाही तर त्याच्यासाठी.

लोखंड, पितळ की जस्त

डी-रिंगच्या सरळ दांडीवरून नख फिरवा. कुठंतरी अडकलं तर तो जोड आहे, आणि तो नुसता वाकवून जुळवलेला आहे, वेल्डिंग केलेला नाही. अशी रिंग बॅगेला चालते, चाळीस किलोच्या कुत्र्याला चालत नाही, ती हळूहळू उघडते आणि एक दिवस चामड्यातून सरकून बाहेर येते. चामडं, टाके सगळं शाबूत आणि कुत्रं रस्त्यावर! रिंग वेल्ड केलेली किंवा अखंड ओतलेलीच घ्या.

मग एखादं चुंबक लावा, जुन्या स्पीकरचं चालेल. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा, तो दोन पावसाळ्यात जातो, गंज चामड्यात उतरतो आणि गंजाने चामडं काळं पडून कुजतं. चिकटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, पितळ आणि बहुतेक स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही पण जस्ताच्या ओतीव बक्कललापण चिकटत नाही. आतल्या बाजूला कानशीने बारीक ओरखडा मारा. पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी आणि मऊ लागलं तर जस्त, ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुकडा पडतो. मी ते पाहिलं की काढूनच टाकतो.

हिरवा थर दिसला तर घाबरू नका, ती बुरशी नसते. पितळ-तांब्याची चामड्यातल्या तेलाशी क्रिया होऊन तो बनतो. लाकडी काडीने खरवडून काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि एवढं समजा की तुम्ही तेल जरा जास्तच लावताय. पांढऱ्या ठिपक्यांचं एक सोपं आहे, अंगठ्याने जोरात घासून जागा गरम करा, विरघळून गेले तर ते वर आलेलं तेल आहे, नाही गेले तर बुरशी. बुरशीचा पट्टा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात नाही, चुलीजवळ तर अजिबात नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि पापडासारखं कडक होतं, आणि मग घडीवर तडकलंच म्हणून समजा.

तेलाचं सांगतो, वर्षातून दोन-तीनदा, बोटाला लागेल एवढंच, आतल्या बाजूने. आमच्याकडे लोक खोबरेल थापतात महिन्याला, त्याने चामडं मऊ होतं खरं पण ढिलं पडून ताणायला लागतं आणि भोकं मोठी होतात.

आता चामडं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच चामड्याकडे या. पट्ट्याची कापलेली कड बघा, रंग लावला असेल तर थोडी खरवडा. आतपर्यंत तपकिरी दिसलं तर झाडाच्या सालीने कमावलेलं, मधे निळसर-करडा पट्टा दिसला तर क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षाराने कमावलेलं. क्रोमचं चामडं वाईट नसतं, पाणी चांगलं सोसतं, पण मऊ असतं, ताणतं, एकेरी पट्ट्याला भोकं टिकत नाहीत. आणि कडेला थर सुटताना दिसले, भुसा दाबून केल्यासारखं वाटलं, वर प्लास्टिकसारखा पापुद्रा निघाला तर ते चामड्याचा चुरा चिकटवलेलं किंवा रेक्झिन आहे, त्याला दुरुस्ती नाही, वेळ घालवू नका.

मोठ्या कुत्र्याला मी बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलंच कातडं वापरतो, जे कोल्हापुरी चपलेच्या तळाला असतं. त्या चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात आहेत, आणि या भागात कुठल्याही जुन्या चपला करणाऱ्याला विचारलंत तर तो तुम्हाला पट्टीपुरतं कातडं देईल किंवा कुठं मिळतं ते सांगेल. २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आता हाताला येतं ते मुख्यतः म्हशीचं. ते जाड असतं पण तंतू जरा सैल, म्हणून पाठीच्या भागातलंच मागा. पोटाचं आणि मानेचं स्वस्त मिळतं, पण पोटाचं दोन्ही हातांनी ओढलं तर डोळ्यादेखत लांबतं. एकेरी पट्ट्याला चार ते पाच मिलिमीटर जाडी आणि पस्तीस-चाळीस मिलिमीटर रुंदी धरा.

टाके आणि रिवेट

मशीनच्या टाक्यात वरचा एक आणि खालचा एक असे दोन दोरे मधे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की दुसऱ्याला पकड राहत नाही आणि ओळ उसवत जाते. हाताच्या दोन सुयांच्या शिवणीत एकच दोरा, पण त्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एका बाजूचा टाका घासून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. पट्ट्याला हाच पाहिजे. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा. सुती दोरा घामाने आणि पावसाने आतून कुजतो, वरून छान दिसतो.

टाके जवळ जवळ घातले की मजबूत होतं असं वाटतं पण ते उलटं आहे. एवढ्या जाड चामड्यात तीन मिलिमीटरवर भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते आणि तिथूनच फाटतं. पाच मिलिमीटर अंतर ठेवा. शिवायच्या आधी रेषेवर उथळ खाच पाडा म्हणजे दोरा चामड्याच्या पातळीखाली बसतो आणि भिंतीला, खुंट्याला घासून तुटत नाही.

रिवेटचं म्हणाल तर बाजारात मिळणारे टोपीचे पोकळ रिवेट नुसते दाबून बसवलेले असतात, ते ओढीने निखळतात. तांब्याचा भरीव रिवेट, त्यावर वायसर, आणि जास्तीचा भाग कापून हातोडीने ठोकून गोल केलेला, तो टिकतो. पण फक्त रिवेटवर घडी ठेवू नका. रिवेट म्हणजे एकाच ठिकाणी सगळा भार, टाके तो भार वाटून घेतात. दोन्ही असतील तर उत्तम.

आणि मुख्य चोर, घडी

सगळं नीट असूनही तुटतोय तर इथंच आहे. घडी नीट बसावी म्हणून कारागीर आतल्या बाजूने रापीने, म्हणजे चामडं कापायच्या धारदार पात्याने, चामडं तासतो, ते गरजेचंच आहे, पाच मिलिमीटर जाड चामडं बक्कलच्या दांडीभोवती वळत नाही. पण हात जड पडतो आणि तासता तासता पाचाचं दीड होतं. ज्या जागेवर सगळ्यात जास्त ओढ तिथंच सगळ्यात पातळ! त्या शेफर्डच्या पट्ट्याची घडी मी उघडली तर आत चामडं पोस्टकार्डापेक्षा थोडंच जाड होतं, बोटांनी कुरकुरत होतं, आणि काट्याच्या चिरेच्या दोन्ही कोपऱ्यांतून भेग निघून कडेपर्यंत गेलेली. तासायचं तर पाचाचं तीन, त्याच्या खाली नाही.

काट्याची चीर हा दुसरा भाग. सुरीने चौकोनी कापलेली असेल तर कोपऱ्यापासून फाटणारच. आधी पंचने दोन गोल भोकं पाडायची, वीस-पंचवीस मिलिमीटर अंतरावर, मग ती दोन सरळ कापांनी जोडायची. गोल टोकापासून भेग सहसा निघत नाही. पुढची भोकंपण पंचनेच, आरीने किंवा खिळ्याने टोचलेली नकोत.

घडी परत बांधायची तर खराब भाग कापून टाका, पुढचा भाग तासा, चीर पाडा आणि मग तो भाग कोमट पाण्याने ओला करा. आत भिजून रंग एकसारखा गडद झाला, वरचं पाणी जिरलं की बक्कलभोवती वळवून चिमट्याने पकडून ठेवा, रात्रभर. कोरडं असताना जबरदस्तीने वाकवलं तर वरचा गुळगुळीत थर तडकतो, आणि ती तडक महिन्याभराने भेग होते. मागे दुमडलेलं चामडं कमीत कमी आठ-नऊ सेंटिमीटर असू दे. बक्कलच्या मागे टाक्यांची एक ओळ, मग डी-रिंग, मग परत टाके, म्हणजे रिंग पुढेमागे सरकत नाही. तीन इंचात आटपायचं म्हणून एकच ओळ टाकली की रिंगची ओढ थेट बक्कलच्या घडीवर जाते.

नवीनच पट्टी कापताना हिशोब असा, मान ५२ सेंटिमीटर असेल तर ढिलाई धरून बक्कल ते मधलं भोक ५५, त्यापुढे अडीच-अडीचवर दोन भोकं म्हणजे ५, टोकाला ७, आणि घडीला ९. एकूण ७६. पट्टी ७८ ची कापा, दोन सेंटिमीटर हाताशी असू देत.

झाल्यावर तपासायचं असं. पट्टा एखाद्या भक्कम पाइपभोवती बंद करा आणि डी-रिंगला ५० किलोचं साखरेचं किंवा सिमेंटचं पोतं अडकवा, जमिनीपासून चार बोटंच वर, पाय खाली ठेवू नका. दहा मिनिटं राहू द्या. मग काढून भोक, घडी, रिंगचा जोड परत बघा. काहीही बदललेलं दिसलं तर तो पट्टा कुत्र्याला घालायचा नाही, परत उघडायचा.

कुठं थांबायचं

भेग चामड्याच्या अर्ध्या जाडीपेक्षा खोल गेली असेल आणि ती घडीवर नसून पट्ट्याच्या मधे असेल, तर चिकटवू नका, वरून तुकडा लावून शिवू नका. टाकून द्या. कुत्रं अंगावर जाणारं असेल, किंवा पंचेचाळीस किलोच्या वरचं, रॉटवायलर, ग्रेट डेन असं आणि ओढ्या सवयीचं, तर घरी दुरुस्त केलेल्या पट्ट्यावर त्याला गर्दीत नेऊ नका. घोड्याचं सामान करणारा किंवा अनुभवी चर्मकार यांच्याकडून दुहेरी चामड्याचा करून घ्या आणि त्याला तासलेली घडी शिवायच्या आधी दाखवायला सांगा, चांगला कारागीर दाखवतो, त्याला राग येत नाही. रापी आधी कधी धरली नसेल तरपण तासायचं काम त्यालाच द्या, ती स्वतःकडे ओढून चालवली की मांडीत जाते. भोकं आणि शिवण घरी करा.

आणि पट्ट्याखालची कातडी ओली, वास येणारी, फुटलेली दिसली, किंवा ओढताना कुत्रं खोकायला, घरघरायला लागलं तर चामड्याचा विषय सोडा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पावसाळ्यात केसाळ कुत्र्याच्या पट्ट्याखालच्या छोट्या जखमेत दोन दिवसांत आळ्या पडतात, वरून काहीच दिसत नाही. पिल्लाचा पट्टा तर दर पंधरा दिवसांनी बघाच, मान वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो, मी एकदा कातडीत रुतलेला पट्टा कापून काढताना धरायला गेलो होतो, डॉक्टरांचे हात चालू होते आणि ते पिल्लू माझ्या मनगटाला चाटत होतं. तेव्हापासून कुणाचंही पिल्लू दिसलं की माझी बोटं आधी त्याच्या पट्ट्याखाली जातात.

त्या शेफर्डचं विचाराल तर खराब घडी कापल्यावर पट्टा दहा सेंटिमीटर आखूड झाला आणि त्याच्या मानेला शेवटच्या भोकातसुद्धा बसेना. त्याला मी नवीन पट्टी कापली, पितळेची बक्कल जुनीच वापरली कारण तिला काही झालं नव्हतं. उरलेल्या पट्टीला परत घडी बांधून दिली, ती आता त्यांच्याच गोठ्यातल्या गावठी कुत्रीच्या गळ्यात आहे, तिसऱ्या भोकात, दोन बोटं जातील अशी.